आईचा ‘रं’

१२ ऑगस्ट
मला खोकल्याची उबळ आली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली — “जिनू, पाणी देऊ का रं?” मग भांडं पडलं.
जिनूदादाला जाऊन वर्ष उलटलं. मी हुबेहूब त्याच्यासारखी खोकायला लागलेय. आम्ही कोल्हापूरच्या पोरी तोंडानं ‘आलो, गेलो’च म्हणतो, कागदावर तेवढं ‘आले, गेले’ लिहितो. पण मला हाक मारताना आईचा ‘गं’ कधी चुकला नव्हता.

१६ ऑगस्ट
कफाचा रिपोर्ट आला. डॉक्टर निशिगंधा मॅडमनी दोनदा वाचला. दादाच्या छातीत होता तोच जंतू — नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. “दोघांनाही सिस्टिक फायब्रोसिस, त्यात एकाच खोलीत झोपायचात. त्याच्याकडूनच आला असणार.” जन्मापासून आमचा कफ पाकासारखा चिकट. जंतूला आयतं घर!
म्हणजे जिनूनं दिलेलं. साधी उशी द्यायचा नाही भांडल्याशिवाय.
“जाईल का?” विचारलं. “दोन औषधं शिरेतून, एक वाफेतून. बघू.” त्यालाही ‘बघू’च म्हणाल्या होत्या.

२० ऑगस्ट
दवाखान्यात. कफ सुटावा म्हणून पप्पा पाठ थोपटतात. दिवसभर चांदीचे पैंजण जोडणारे हात, ताल चुकत नाही. आज मध्येच थांबले. “त्येची पाठ बी अशीच लागायची हाताला.”
मी भिंतीकडे बघत बसले. भीती वाटते. मला मरायचं नाही.

२३ ऑगस्ट
औषधांनी मळमळ. कानात सारखं घूं. आई डबा घेऊन येते, पण मी खोकले की बाहेर जाऊन उभी राहते.

३० ऑगस्ट
ताप नाही. जिना चढले — न थांबता!

३ सप्टेंबर
मंगळवार पेठेत, घरी. त्याची खाट अजून माझ्या खाटेला लागूनच आहे. कुणी हलवत नाही. मीही नाही.

१२ सप्टेंबर
नवा रिपोर्ट — कफात जंतू सापडलाच नाही! मॅडम म्हणाल्या, परत येऊ शकतो, तपासत राहायचं. पण हसल्या. पप्पा पेढ्याचा पुडा हातात धरून रडले. आई बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, देवाला जाऊन आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “लई बरं झालं बाई. पर घर गप्प झालंय गं.”
जिनूचं एवढंच जिवंत उरलं होतं. तेही आम्ही मारलं.

१४ सप्टेंबर
उबळ आली नव्हती. तरी खोकले. त्याच्यासारखं, शेवटी दोन ठसके.
आतून आवाज आला — “पाणी देऊ का रं?”
“दे की,” म्हणालो.