तांबटाचा श्वास

९ फेब्रुवारी, येडशी

कुर्डुवाडीला गाडी बदलून दुपारी पोचले. स्टेशनाबाहेरच पळस फुललाय, त्यावर मैनांची भांडणं. मन एकदम हलकं झालं. खोली शिवकांताकाकूंच्या घरी, मागच्या अंगाला. खिडकी परसात उघडते. भाकरी, शेंगाची चटणी, वर घट्ट दही. मी सोलापूरची कळल्यावर काकू कानडीत सुरू झाल्या. माहेर अक्कलकोटकडचं. मला जेमतेम येतं, पण त्या खूश. घरात आता कानडी बोलायला कुणी राहिलं नाही म्हणाल्या.

काम असं : रामलिंगच्या अभयारण्यातल्या पाखरांचे आवाज टिपायचे, शाळांतल्या मुलांना ऐकवायला. संस्था छोटी, वेगळं यंत्र वगैरे नाही. सगळं फोनवर. म्हणून आधी ॲप ठरवायचं.

११ फेब्रुवारी

तीन ॲपं निवडली. रानाच्या कडेला एकाच दगडावर फोन ठेवून आळीपाळीनं करून पाहिली.

पहिलं फोनमधलंच. शांतता झाली की ते स्वतःच आवाज वाढवतं, मग नुसती खरखर. बाद. दुसरं पक्षी ओळखून नाव सांगतं. ऐकायला छान, पण मागचा वारा, पानं, सगळं पुसून टाकतं. तिसरं काहीच पुसत नाही. जे आहे ते तसंच घेतं आणि आवाजाचं चित्र पडद्यावर सरकत राहतं. फायली जड होतात, पण खरं हेच. तिसरंच वापरायचं, आणि नावासाठी दुसरं.

१२ फेब्रुवारी

वनरक्षक बलभीमदादांनी देवळाखालची घळ दाखवली. उंच कडे, खाली सावली, आवाज गोल फिरतो. रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा नाही. दादा म्हणाले, आत गेल्यावर बोलायचं न्हाय. पाखरं बुजतात म्हणून का, विचारलं, तर हसून विषय बदलला.

काकूंचे यजमान वीरप्पा दोन वर्षांपूर्वी चुकलेलं वासरू शोधायला या घळीत उतरले, ते वर आलेच नाहीत. वासरू आलं. हे दादांनी वाटेत सांगितलं. रात्री जेवताना काकू आपणहूनच म्हणाल्या, "फोटू लई हायत बाई. आवाज मातुर कशातच न्हाय. कसे बोलायचे, तेच इसरत चाललंय."

१४ फेब्रुवारी

घळीतलं पहिलं रेकॉर्डिंग उत्तम. तांबट, सातभाई, कोतवाल. दुसऱ्या ॲपनं तिन्ही नावं बिनचूक दिली.

तिसऱ्यात मात्र तांबटाच्या प्रत्येक टुकटुकीआधी चित्रावर एक पुसट डाग येतो. इअरफोन लावून ऐकलं. कुणीतरी श्वास घेतंय. माझाच असणार.

१५ फेब्रुवारी

फोन खडकावर ठेवून मी पार देवळाच्या पायऱ्यांपाशी जाऊन बसले. डाग आहेतच. तांबटाआधी श्वास, सातभाईंच्या कलकलाटाआधी श्वास, कोतवालाआधीही. सगळीकडे एकच. मोठ्या छातीचा, ओलसर.

मग दुर्बिणीनं सकाळभर झाडं पाहिली. आवाज सगळे चालू होते. घळीत एकही पाखरू नाही.

१६ फेब्रुवारी

आजच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी माणूस बोलतो. "कांता, इल्ली बा." कांता, इकडं ये.

खात्री करायला स्पीकरवर लावलं, आणि काकू कधी दारात आल्या कळलंच नाही. त्या तिथंच खाली बसल्या. "तेच हायत," म्हणाल्या. "पुन्यांदा लावा." मी लावलं. पुन्हा लावलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, लग्नातल्या नवरीसारख्या. त्या 'कांता'आधीही तोच श्वास आहे, हे मला सांगता आलं नाही. कसं सांगणार होते?

१७ फेब्रुवारी

सकाळी उठले तर काकू घरात नाहीत. चूल थंड. नवं इरकल नेसून देवळाकडं जाताना शेजारणीनं पाहिलंय.

बलभीमदादा आणि गावातली माणसं दिवसभर घळीत. मीही होते. भानच राहिलं नाही, काकू, काकू म्हणून घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. दादांनी धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला.

चपला खडकावर सापडल्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

१८ फेब्रुवारी

जायला नको होतं. गेले. फोन ठेवला.

तांबट. श्वास. सातभाई. श्वास. वीरप्पा. श्वास. मग काकू, अगदी स्पष्ट : "बाई, हितं लई गार हाय."

दादांना ऐकवलं. ते म्हणाले, वीरप्पा गेले तेव्हा आपल्यालाही घळीतून त्यांच्या हाका ऐकू आल्या होत्या, आपण कान बंद करून घेतले, कुणाला सांगितलं नाही. डोळे पुसत म्हणाले, "तुमी उद्याच्या गाडीनं जावा. म्या येतो घ्यायला."

तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या ॲपवर लावून पाहिलं. तिथं श्वास नाही, काकू नाहीत. फक्त तांबट. किती गोड वाटतं ऐकायला. तासभर तेच ऐकत पडले.

१९ फेब्रुवारी, सकाळ

बॅग भरली. घसा बसलाय. कालपासून घोगरा होता, आता नुसती हवा —

परसात तांबट बोलतोय. खिडकीतून सगळं झाड दिसतं. झाडावर काही नाही.

फोनवर तिसरं ॲप लावलं. चित्रावर डाग आहे. जाड. काळा. अगदी जवळ —

दादा आले. पुढच्या दारातून हाक मारतायत. मला ओ देता येत नाही. तोंड उघडते, काहीच —

परसातून ओ दिली कुणीतरी. "दादा, मी इकडं आहे. मागं या." माझा आवाज. माझाच. बॅग उचलायला मदत करा, म्हणतोय.

ते निघाले. घराला वळसा घालून. दार — कडी बाहेरून —

खिडकीवर ठोसे मारतेय, ते त्या आवाजाकडंच बघतायत. हे पान काचेला लावते. दादा, इकडं बघा. वाचा. परसात जाऊ नका, ती मी न