ग्रिलवरचं काळं

मीरा रोड,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सौ. क्षितिजा हिला अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. ह्यांचा गुडघा आहे तसाच. फोनवर बोलायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय. उद्या नीरज जेवायला येईल, त्याच्या पिशवीत हे पत्र टाकते. तुम्ही वेगळे राहायला गेल्याला महिना झाला. दर रविवारी तो घोडबंदरहून एकटाच येतो, मान खाली घालून जेवतो आणि जातो. बायकोला का नाही आणलंस, हे विचारायची मला सोय नाही.

तर तुझं ते ग्रिल. काय ताप आहे गं त्या वस्तूचा! सँडविच खायचं पाच मिनिटांत आणि पुसायला अर्धा तास. वायर असल्यामुळे नळाखाली धरायची चोरी. खाचाखाचांत चीज. आपल्या तव्याचे कधी असले नखरे नव्हते. शेवटी शेजारच्या सुचेतानं दाखवलं. प्लग काढायचा, कोमट होऊ द्यायचं, मग ओल्या फडक्याची घडी आत ठेवून झाकण लावायचं. दहा मिनिटांत वाफेनं सगळं सुटतं. राहिलंच तर लाकडी उलथनं. झालं! हे तू मला आल्या आल्याच सांगितलं होतंस म्हणे. नीरज म्हणतो. मी ऐकलं नसेल.

"काकू, तारेची घासणी तर नाही ना लावत?" सुचेतानं विचारलं. मी म्हटलं, छे.

लावली होती. तू ऑफिसला गेलीस की रोज. काळं निघत होतं, मला वाटलं तव्यासारखी काजळी आहे, म्हणून ते पार जाईपर्यंत घासलं. खालचा पांढरा पत्रा चमकला तेव्हा केवढी धन्यता वाटली मला! ते काळं म्हणजेच नॉनस्टिक, हे मला कोणी सांगायचं? म्हणजे, तू सांगितलंच होतंस.

आणि मग सँडविच चिकटायला लागलं, तेव्हा मीच पाहुण्यांसमोर म्हटलं, "हिच्या आईनं स्वस्तातली वस्तू गळ्यात मारली." नीलमताईंनी लग्नात हौसेनं दिलेली वस्तू. तुझा चेहरा दिसत होता, तरी मी थांबले नाही. चुकले मी, क्षितिजा.

आता नव्या प्लेटा बसवून घेतल्यात. खाली तेल गळायची स्टीलची ताटली असते ना, ती घेऊन स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडे नाव घालायला गेले. ग्रिलची आहे, म्हणून सांगितलं. "आंटी, इलेक्ट्रिक चीज पे नाम कौन डालता है?" म्हणाला. म्हटलं, "तुम डालो ना चुपचाप." या घरात वाटी-चमच्यांवरसुद्धा माझं नाव आहे. तुझ्या एकाही वस्तूवर तुझं घालायचं सुचलं नाही, वर्षभर नुसती नावं ठेवली. ताटलीवर आता लिहिलंय, 'चि. क्षितिजास, आई नीलमकडून.'

ग्रिल नीरजबरोबर पाठवत नाहीये. त्यानं मागितलं तरी देणार नाही. ओट्यावर त्याच्या जागी आहे. न्यायला तू ये. न्यायचं नसेल, तरी ये.

तारेची घासणी फेकून दिलेली,
तुझी सासू
शुभदा