डब्यावरचा नंबर

४ नोव्हेंबर १९९८
मला रोजनिशी लिहिण्याची हौस नाही. आधीच्या अधीक्षिका काहीही लिहून न ठेवता निघून गेल्या, म्हणून संस्थेने मला अटच घातली की रोज लिहायचं. तर लिहिते.

आज साताऱ्याहून नवीन पनवेलला आले. नोकरदार मुलींचं वसतिगृह, दुमजली, हवेशीर. गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मुली अदबीने वागल्या. निवृत्त मुख्याध्यापिका येणार म्हणून कुणीतरी त्यांना आधीच घाबरवून ठेवलं असावं. स्वयंपाकाला कृष्णाबाई जवळच्या कोन गावाहून येते. माझा आवाज ऐकून म्हणाली, तुमाला फोनची गरज नाय, हाक मारली की कर्नाळ्यावरची पाखरं उडतील. मी हसले नाही. भरीत मात्र दोनदा मागून घेतलं.

७ नोव्हेंबर
फोन माझ्या खोलीबाहेरच आहे. दुपारी वाजला. पलीकडे कुणी बोललं नाही. काहीतरी दगडावर आपटल्याचा आवाज, मग एका बाईचं विव्हळणं. पुन्हा आवाज, पुन्हा विव्हळणं. मग फोन तुटला.

हे मी मुलींना सांगितल्यावर त्यांच्यातली मिताली भिंतीला टेकून खाली बसली. तिचा डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे. नवऱ्याने, देवेशने, दारात धरून मोडला. त्याच्यापासून ती इथे लपली आहे. इथला नंबर फक्त पेणला तिच्या आईला ठाऊक आहे. मी म्हटलं, उगाच तर्क नकोत, फोन करणारा कोण ते आधी कळू दे.

९ नोव्हेंबर
पेणहून निरोप आला. मितालीची आई इस्पितळात. जावयाने तिची बोटं पाट्यावर धरून वरवंट्याने ठेचली. नंबर मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही. त्या दुपारी मी फोनवर ऐकलं ते तेच. तो फरार आहे.

पत्ता आईला माहीतच नव्हता, मितालीने मुद्दाम सांगितला नव्हता. म्हणजे त्याच्याकडे नंबर आहे, पत्ता नाही. डिरेक्टरीत नावावरून नंबर सापडतो, नंबरावरून नाव सापडत नाही. तेवढाच आडोसा.

१० नोव्हेंबर
फोन आता रोज येतो. नुसता श्वास. टेलिफोन खात्यातल्या दिनानाथांनी दोन मार्ग सांगितले. एक, लेखी तक्रार आणि सोबत पोलिसांचं पत्र. मग खातं लाइनवर पाळत ठेवतं, फोन कुठून येतो ते फक्त पोलिसांना कळवतं. पंधरवडा लागतो. दुसरा, नवी सोय: महिन्याचं भाडं भरायचं, फोनला डबा जोडायचा, घंटा वाजताच नंबर समोर. मितालीला पहिला मार्ग हवा होता. पोलिसांनाच कळू दे, आपल्याला नको, म्हणाली. मी तिला गप्प केलं. पंधरवड्यात तो आणखी कुणाची तरी हाडं मोडेल.

डबा बाजारात बद्रुद्दीनशेठकडून आणला, दुबईचा माल. म्हणाले, मॅडम, हा डब्बा फक्त नंबर दाखवणार, आदमी नाही. मी म्हटलं, आदमीचं मी बघते.

१२ नोव्हेंबर
डब्यावर नंबर उमटला. पनवेलचाच. मितालीला बोलाव, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. मिताली नको नको म्हणत असताना मी तोच नंबर फिरवला. त्याने लगेच उचलला. मागून रिक्षांचे आवाज, बूथच असावा.

जन्मभर मुलींना शिकवलं की फोनवर आधी आपली पूर्ण ओळख द्यावी, मग समोरच्याची विचारावी. जीभ तशीच वळली. मी रमा देवस्थळी, नोकरदार महिला वसतिगृह, नवीन पनवेल, पोस्टाच्या मागे. आपण कोण?

अतिशय नम्रपणे म्हणाला, पोस्टाच्या मागे का? आभारी आहे, बाई.

मितालीने माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन खाली ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर
सकाळी रखवालदार धर्मराज फाटकाशी सापडला. तोंड दगडाने ठेचलेलं, फाटकाची साखळी गळ्याभोवती आवळलेली. दात पायरीवर. श्वास होता, नेताना— नंतर नव्हता.

बाकीच्या मुलींना घरी पाठवलं. मितालीला उद्या संध्याकाळी पोलीस सुरक्षित जागी नेणार. डबा पुराव्यासाठी घेऊन गेले. फाटकावर एक शिपाई.

१४ नोव्हेंबर, दुपार
शिपायाची टोपी फाटकावर अडकवलेली आहे. शिपाई दिसत नाही. फोन मुका. तार कापली.

कृष्णाबाई बघायला खाली गेली. बाई, खाली येऊ नका, तो— असं काहीतरी ओरडली, अर्धंच. जिन्यावरून तो काहीतरी ओढत आणतोय. कडी लावली. कपाट दाराला सरकवलं—

मितालीला मोरीच्या खिडकीतून मागे उतरवलं. पाइप धरून एका हाताने उतरली. भिंतीपलीकडे गेली, मी पाहिलं.

दारावर पहार. फळी फुटली. फटीतून त्याची बोटं, लाल. आत येईपर्यंत लिहिते, पोलिसांना नीट कळावं म्हणून—

सुपूर्द केलं ते:
पोलिसांना, डबा.
मितालीला, माझी शाल आणि साताऱ्याच्या घराची किल्ली.
कृष्णाबाईला— काही नाही. तिला काही देता—
देवेशला, पत्ता. माझ्या तोंडाने.
आता ती कुठे गेली विचारतोय. नम्रपणे. बाई म्हणतोय. कपाट सरकतंय—
तो पत्ता मात्र त्याला मी देणार ना—