बंद दारांची उत्तरं

गुरुजी, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. पण हजेरी घेताना चष्म्यावरून बघायची तुमची सवय अजून माझा पिच्छा सोडत नाही. आज तर फारच. कुणी माझं नाव पुकारलं तर ‘हजर’ म्हणायलाही तोंड उरलेलं नाही मला.

आठवतंय? दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांसोबत उसाला, तोडणीवर जायचा. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीणही गेलेली. तुम्ही तिचं नाव पुकारलंत, तशी ते कटेल या भीतीनं मीच ‘हजर’ म्हणून ओरडले. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “तिच्या तोंडानं तू कशाला बोलायलीस? ती न्हाई, एवढंच आज तिचं खरं हाय. तेबी पुसून टाकायलीस व्हय?” मला लय राग आला होता. मी तिचं भलंच करत होते की! त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले. पट भरलेला दाखवा, उगाच डोक्याला ताप कशाला, म्हणाले. तुम्ही वही झाकली नाही. “लेकरं गेलीत असं कागदावर दिसलं, तरच त्यांच्यासाठी वसतिगृह निघंल, साहेब.” पुढच्या हंगामात निघालंही. ती तिथं राहून माझ्यासोबत सातवी पास झाली. तुमची मात्र बदली झाली.

आता माझा पराक्रम ऐका. या हंगामात मला एका पाहणीचं काम मिळालं. देशातला सरकारी कारभार किती स्वच्छ, हे मोजायची पाहणी. सोनपेठकडची चार गावं माझ्या वाट्याला आली. घरांची यादी वरून यायची. दारात जाऊन विचारायचं, वर्षभरात कुठल्या कचेरीत कामासाठी कुणाला काही द्यावं लागलं का? घर बंद असेल तर ‘बंद’ लिहायचं आणि पुन्हा जायचं. गल्लीच्या गल्ली कुलपं, गुरुजी. एसटीनं तीन खेपा केल्या. ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणाली, “बाई, समदी उसाला गेलीत. पाडव्याच्या आधी कोन बी सापडायचं न्हाई, कशाला टाचा झिजवायलीस?” इकडे पाहणीच्या साहेबांचा रोज फोन, कागद कधी देता? शेवटी मी स्टँडवरच्या हॉटेलात बसले, भजी मागवली आणि सगळ्या बंद दारांची उत्तरं स्वतःच लिहिली. नाही, नाही, नाही. ‘हो’ लिहिलं की पुढं दहा प्रश्न होते, म्हणून सगळीकडे नाही. शंका येऊ नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली. अक्कल बघा! लोकांचा प्रामाणिकपणा मोजायला निघालेली बाई! साहेबांनी पाठ थोपटली आणि ती चार गावं अहवालात चकचकीत स्वच्छ निघाली.

काल बाजारात ती भेटली, वर्गात माझ्या शेजारी बसणारी. उसावरून परतलेली, हात चिरलेले, हसू तेच. नवरा गेल्यावर निराधार योजनेच्या कागदासाठी तिनं कारकुनाला दुभती शेळी दिली होती. शेळी गेली, कागद तसाच पडला. ती तक्रार घेऊन गेली तर कचेरीतले वरचे साहेब अहवाल काढून म्हणाले, तुमच्या गावात असं काही होतच नाही, उगाच कुणाला बदनाम करू नका. “मी खोटारडी झाले बघ सगळ्यांसमोर,” ती म्हणाली. “घराला कुलूप हुतं गं. कोन मेलं बोललं आमच्या नावानं?”

ते मेलं समोरच उभं होतं. मी म्हणाले, “बघते हं, चौकशी करते.” वर तिनंच मला चहा पाजला, आणि मी तो प्याले.

खरं काय घडलं ते सांगणारा, पाहणीच्या साहेबांना लिहिलेला अर्ज कालपासून पर्समध्ये आहे. तो दिला की काम जाईल, कदाचित केसही होईल. पण तो दिल्याशिवाय तिचं कुणी खरं मानणार नाही. उद्या देईन असं तुम्हाला वचन देणार होते, पण माझ्या शब्दाला आता काय किंमत? हे पत्रही त्याच पर्समध्ये राहील.

एक राहिलं. वर मी ‘सगळ्या बंद दारांची’ असं लिहिलं, जणू मला घरं वेगवेगळी दिसलीच नाहीत. तसं नव्हतं, गुरुजी. यादीत तिचं नाव मी वाचलं होतं. ओळखलंही होतं. मनात म्हटलं, आपलीच आहे, ती काय म्हणणार आहे, आणि तिचा कागद सगळ्यात आधी भरला.