बोलणाऱ्या कोबीबाबत खुलासा आणि वाटणी

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त शिवणशिक्षिका, गेली एकोणीस वर्षे सामाईक मळ्यावर खुरपणी करणारी, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या बहिणीचे मत वेगळे आहे, पण तिला कोणी विचारलेले नाही.

कलम १. शिवणयंत्र मळ्याला, पोती शिवायला. धारेचे खुरपे मधमाश्यावालीला. बोथट खुरपे सुतारकाकांना. ते नेलेली वस्तू परत करत नाहीत.

कलम २. बंद पडलेले घड्याळ बहिणीला. ‘मळ्यावर तू वर्षभरही टिकणार नाहीस,’ असे ती म्हणाली होती. आता मोजत बसावे.

कलम ३. कबुली. मळ्यावर कायमचे राहायचे तर पहिल्या वर्षाअखेरीस अवजारांच्या खोलीत सर्वांसमोर या मातीत आलेली प्रचिती सांगावी लागते. मला फक्त कंबरदुखी आली होती. परत जायला जागा नव्हती. माझी खोली बहिणीने भाड्याने दिली होती. म्हणून मी सांगितले, तिसऱ्या वाफ्यातला कोबी माझ्याशी बोलला.

“काय म्हणाला?” सुतारकाकांनी विचारले.

घाईत सुचले ते बोलले, “जरा सरकून बस म्हणाला.”

सगळे रडले. तेव्हापासून त्या वाफ्यातला कोबी कोणी कापत नाही. तो फुलतो, बी पडते, पुन्हा उगवतो. लोक त्याच्यापुढे डोळे मिटून बसतात, आणि आधी जरा सरकतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मुदत सांगितली, तेव्हा मात्र राहवेना. वाफ्याशीच सुतारकाकांना खरे सांगितले. ते बराच वेळ तण उपटत राहिले.

“बाई, माझ्या प्रचितीत मला वीज दिसली होती ना? ती शेजारच्या वेल्डिंगची.”

“म्हणजे आपण दोघंही खोटे?”

“खोटे कसे? एकोणीस वर्षं एका ओळीत खुरपतोय की.”

हसून हसून आम्हाला उठता येईना. मधमाश्यावालीने हात दिला, तर तीही चिखलात बसली. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. थंडी नव्हती. याची नोंद व्हावी.

कलम ४. मी गेल्यावर तो सगळा कोबी कापून, शिजवून सर्वांनी खावा.

ठिकाण: अवजारांची खोली. दिनांक: बुधवार, दुसरी खुरपणी संपली तो दिवस.
सही: शिवणबाई

साक्षीदार १: सुतार. (खुरपे नको.)

साक्षीदार २: मधमाश्यावाली. (सही केली, पण कलम ४ मान्य नाही. माझ्याशी तो आठवड्यातून दोनदा बोलतो.)

दुरुस्ती: कलम ४ रद्द. कोबीला हात लावू नये. — शिवणबाई