कॉन्कॉर्डचं जेवण

कॉन्कॉर्ड,
रविवार, २२ जून १७८८

प्रिय एनोसदादा,

सप्रेम नमस्कार. तू, मेहिटेबलवहिनी आणि मुलं सगळे खुशाल असाल. मी ठीक आहे. रविवारच्या दुपारच्या प्रार्थनेला दांडी मारून मी पत्र लिहीत बसलोय, हे कळल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे.

इथे ऊन कडक आहे. माझ्या गवताची कापणी सुरू केली असशील तर ओढ्याकडचा तुकडा शेवटी घे, तिथली ओल लवकर जात नाही. वहिनीच्या बुटांचे तळ मी शिवून ठेवलेत, दुकानात खिडकीपाशी आहेत. घोडी लंगडते आहे, त्यामुळे मला इथे आणखी काही दिवस मुक्काम करावा लागेल.

मुख्य बातमी तुला कळलीच असेल. काल दुपारी आपल्या न्यू हॅम्पशरने नव्या राज्यघटनेला संमती दिली. सत्तावन्न बाजूने, सत्तेचाळीस विरुद्ध. नऊ राज्यांची संमती हवी होती, नववं आपलं. म्हणजे आता ती अमलात येणार, तुला-मला आवडो न आवडो.

'तुला-मला' असं लिहून गेलो. खोडत नाही, पण त्यातल्या 'मला'वर विश्वास ठेवू नकोस.

त्या सत्तेचाळिसांत तू माझं नाव शोधशील. ते तिथे नाही. सत्तावन्नांतही नाही. मतं घेतली तेव्हा मी सभागृहात नव्हतो. आणि घोडीचे चारही पाय धडधाकट आहेत, तेही आत्ताच सांगून टाकतो.

वसंतातल्या ग्रामसभेत काय झालं ते आपण दोघंही विसरलेलो नाही. फेब्रुवारीत एक्सेटरला याच घटनेवरच्या पहिल्या सभेत मी महिनाभराचं बोलणं दहा दिवसांत ऐकून आलो होतो आणि गावाला विनवलं होतं, की माझे हात मोकळे करा, मला पटेल तसं मत देऊ द्या. गाव म्हणालं, नाही, विरोधातच मत द्यायचं. बाकावरून कुणीतरी विचारलं, "आणि याने तिकडे जाऊन रंग बदलला तर?" तेव्हा तू उठलास. "जोथमचा हात मी त्याच्या पाळण्यापासून बघतोय. गावाने नाही म्हटल्यावर तो हात वर जायचा नाही. गेला तर मला विचारा." तुझ्या शब्दावर गावाने मला पाठवलं.

तुझे आक्षेप मी इथे मांडले, एकही गाळला नाही. दक्षिणेकडच्यांना आणखी वीस वर्षं माणसं गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणायची मुभा आहे, आणि आपण हो म्हटलं की त्या जहाजात आपलाही वाटा, हे तुझं बोलणं तुझ्याच शब्दांत सांगितलं. त्याला कुणी धड उत्तर दिलं नाही. माझ्याकडेही नाही. त्या बाबतीत तुझंच बरोबर आहे, आणि तरीही राज्यघटना मंजूर व्हावी असं मला वाटत होतं. दोन्ही एकाच डोक्यात कसं मावतं ते विचारू नकोस.

आपलं खरं भांडण रूबेनवरून आहे. आजवर आपण ते कधी उघड बोललो नाही. तू म्हणतोस, आपला धाकटा भाऊ इंग्लंडच्या राजाचं जू झुगारायला लढला आणि त्यात गेला, मग आता दुसरं जू कशाला? मला दिसतो तो वेगळा रूबेन. तो गोळीने गेला नाही, दादा. तो छावणीत, बर्फात, पायांना चिंध्या गुंडाळून गेला. बूट शिवणाऱ्याचा भाऊ. मी शिवलेले बूट गाडीत भरून निघाले आणि शेजारच्या राज्याच्या हद्दीत पडून राहिले, कारण गाडी पुढे कुणी न्यायची यावर दोन राज्यांचं एकमत होईना. सगळ्या राज्यांची मिळून असलेली काँग्रेस पत्रं लिहीत होती, विनवण्या करत होती. तिचा हुकूम चालेल असं कुणी नव्हतंच. ज्या सरकारला बुटांची गाडी हलवता येत नाही, तसलं सरकार मला पुन्हा नको होतं. मला त्याची अजून चीड येते.

आता काल दुपारचं.

घटनेच्या बाजूच्या एका गृहस्थाने माझ्यासारख्या गावाने बांधून पाठवलेल्या काहींना घरी जेवायला बोलावलं. बोलावण्यामागचा हेतू शेंबड्या पोरालाही कळला असता. मला कळला, आणि मी गेलो. माझा हात 'हो'साठी वर जाणार नव्हता, तुझा शब्द होता. 'नाही'साठी तो माझ्याच्याने वर जाईना. पानावर बसलं की हाताला काम असतं.

एवढंच असतं तर मी घोडीला लंगडी केली नसती.

शेजारच्या गावचा केलेब ह्यूज माझ्या शेजारी बसला होता. तो पक्का विरोधातला, अगदी मनापासून. तो जेवायला आला कारण मी त्याला म्हटलं, "चल रे, सामन मासा आणि कोवळे मटार आहेत, सभा काही पळून जात नाही." जेवण संपत आलं तसा तो उठायला लागला. तेवढ्यात मी विचारलं, "केलेब, तुझा तो डावा बैल अजून चढावर खांदा टाकतो का रे?"

केलेबला बैलांबद्दल विचारायचं नसतं, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. तो पुन्हा बसला. "टाकतो? अरे, आता बघ येऊन! उजव्याला लाजवतो तो!" मग त्याने त्या बैलाला कसं वळण लावलं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. मध्येच सभागृहाची घंटा झाली. तो थांबला. "ही कसली घंटा?"

मी म्हणालो, "जेवणाच्या सुट्टीची असेल. पुढे काय केलंस?" आणि त्याच्या पानात मक्याचं पुडिंग वाढलं.

ती मतदानाची घंटा होती. मला माहीत होतं.

केलेब तिथे असता तरी निकाल तोच लागला असता, आकडे तुझ्यासमोर आहेत. कालपासून मी स्वतःला हेच समजावतोय. पण पुडिंग वाढताना मला आकडे ठाऊक नव्हते. मी माझं मत दिलं नाही, ते माझं होतं. त्याचं मत मात्र मी खाल्लं.

संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. रडवेला झाला होता. म्हणाला, "जोथम, माझ्या बैलांच्या चऱ्हाटापायी तुझंही मत हुकलं. माझ्या गावाला मी काय सांगायचं ते सांगेन. पण तुझ्या भावाने तुझ्यासाठी शब्द टाकलाय, मी ऐकलंय. आधी त्याच्याकडे जातो आणि सांगतो, की तुझी यात काही चूक नाही." मी त्याला तिथेच खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "जातोच आहेस तर दादाला एक पत्र ने."

तेव्हा हे पत्र केलेबनेच आणलंय. उद्या पहाटे तो इथून निघेल. तू हे वाचत असताना तो तुझ्या स्वयंपाकघरात टोपी मुठीत धरून उभा असेल, माझ्या वतीने माफी मागायला. त्याला मागू देऊ नकोस. बसव, आणि हे पत्र त्याच्या हातात दे.

पुढच्या ग्रामसभेला मी येईन. मला काय विचारायचं ते गावाला विचारू दे. या खेपेला तू उठू नकोस.

तुम्हा दोघांचा,
जोथम