परिणामाचा रकाना

गारगोटीजवळून, ता. ९ फेब्रुवारी २००४

आदरणीय केरबामामांस, भाचा प्रसेनजीतचा सविनय जयभीम.

राजारामपुरीत सगळी खुशाल असतील, मामींचे गुडघे जिना चढू देत असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे मी सोडून.

त्याचं असं झालं. शाळेच्या वार्षिक अहवालातल्या 'अभ्यासक्रमाचा विद्यार्थ्यांच्या जीवनावर झालेला परिणाम' या रकान्यात मी तेरा वर्षं 'समाधानकारक' लिहीत आलो (अक्षर चांगलं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही). यंदा तालुक्याला शिक्षणखात्याचे नवे साहेब आले आणि म्हणाले, पुरावा जोडा. आता परिणामाचा पुरावा आणायचा कुठून? चौथीच्या पोरांना सांगितलं, पुस्तकातलं एक तरी घरी करा आणि पुरावा घेऊन या. दुसऱ्या दिवशी एकोणतीस जणांनी कापलेली नखं पुडीत बांधून आणली. हसू नका मामा, सरकारी कामाचा पुरावा आहे, टाकता येत नाही. पुड्या कपाटात आहेत, वर हजेरी क्रमांक घातलेत.

तिसावी संघप्रिया, पारूबाईची मुलगी. तिनं शाळेच्या साहित्यपेटीतलं लिटरचं माप उचललं आणि संध्याकाळी थेट गावच्या डेअरीत आईबरोबर रांगेत उभी राहिली. डेअरीच्या मापातलं दूध आमच्या मापात ओतलं, तर आमचं भरून वर सांडायला लागलं. पोरगी खणखणीत ओरडली, "चेअरमन, तुमचं लिटर कपभर मोठं हाय की!" सगळी रांग माप बघायला पुढं सरकली.

चेअरमन म्हणजे गणपतराव, आणि शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. सकाळी वर्गात येऊन पोरांसमोर मला म्हणाले, "मास्तर, शिकवा की, न्हाय कोण म्हणतंय? पर शिकवल्यालं शाळंतच ऱ्हाऊ द्या." म्हणजे मी रकान्यात नखं लिहायची, लिटर गाळायचं, नाहीतर पन्हाळ्याकडं बदली. नऊ वर्षं लांबच्या वाड्यांवर काढली, तेव्हा कुठं ही घराजवळची शाळा मिळालीय. खरं सांगतो मामा, भ्यालो मी. पेन्सिलीनं 'नखे' लिहून ठेवलंय.

मामींना जयभीम, पोरांना आशीर्वाद.

आपला भाचा,
प्रसेनजीत

ता. क. गणपतराव तुमच्याच तालमीतले, तुमचा शब्द मोडायचे नाहीत. बदलीचं तेवढं थांबवायला सांगा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. बदलीचं सांगायचं राहू द्या. पाकीट चिकटवायच्या आत पारूबाई येऊन गेली. अकरा वर्षं ती त्या डेअरीत दूध घालतेय. दारातच उभी राहून म्हणाली, "मास्तर, मला वाटायचं म्हसच दूध चोरतीया. लई मारलंय वो मी तिला." आणि रडायलाच लागली. ती गेल्यावर पेन्सिलीचं खोडलं, शाईनं संघप्रियेचं नाव आणि लिटर लिहिलं, आणि कागद साहेबांकडं पोचता केला. तुमच्या गल्लीत भाड्याची खोली असेल तर बघून ठेवा. पन्हाळ्याची एसटी तिथनं बरी पडेल.